पोथी जपली, आता सूची हवी

पदवीनंतर डिझाइन व्यवस्थापन किंवा माहिती प्रणाली शिकण्याचा विषय निघाला की, आपल्या घरांत पहिली चौकशी वेतनाची होते. ती गैर नाही. परंतु विचार तेथेच थांबावा काय?

श्रीनृसिंह सरस्वतींच्या जन्माने पावन झालेल्या कारंजा लाड येथील जैन मंदिरांनी शतकानुशतके हस्तलिखिते जपली. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध झाली आणि हे धन अभ्यासकांच्या दृष्टीस पडले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेले पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली कारंज्याच्याच ग्रंथमालेत छापले गेले. जपणे ही श्रद्धा होती. शोधता येईल असे मांडणे ही विद्या होती.

माहिती प्रणाली ही त्याच विद्येची आजची शाखा. ती वापरणाऱ्याच्या सोयीने घडविणे आणि त्यासाठी माणसे, पैसा व वेळ यांचा मेळ घालणे, हे डिझाइन व्यवस्थापन. मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेल्या प्रा. र. कृ. जोशी यांच्या ‘मंगल’ अक्षरवळणाने देवनागरी असंख्य संगणकांवर पोहोचली. परक्या यंत्रात स्वत्व असे रुजवता येते.

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’अंतर्गत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन घोषित झाले. हे काम निधीने नव्हे, प्रशिक्षित माणसांनी पुरे होईल. वऱ्हाडातील तरुणांनी ही विद्या अवश्य शिकावी. मात्र शिकताना आपल्या गावच्या पोथीचे ऋण विसरू नये.