चाच्यांच्या सभेत 'श्री सुंभाजी'

जॅक स्पॅरो मलाही आवडतो. बुडत्या होडीच्या डोलकाठीवर उभा राहून तो ऐटीत बंदरात उतरतो, तो सीन किती वेळा पाहिला ते मोजलेलं नाही. ना मॅनेजर, ना अप्रेझल. डेडलाइनवर जगणाऱ्याला असला माणूस आवडणारच.

पण 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या तिसऱ्या भागात (२००७) चाच्यांची सभा भरते, आणि तिथे हिंदी महासागराचा सरदार म्हणून 'श्री सुंभाजी' बसलेला असतो. पागोटं, दाढी आणि हसू यावं म्हणून दिलेला चिरका आवाज. नाव उचललंय कान्होजी आंग्र्यांचे पुत्र संभाजी यांच्यावरून.

कान्होजी मराठी आरमाराचे सरखेल. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक घ्यावा, एवढं त्यांचं म्हणणं. पोर्तुगीज तेच 'कार्ताझ' म्हणून करत, ते चाचे नाहीत! ईस्ट इंडिया कंपनीला दस्तक नको होता, म्हणून आंग्रे चाचे ठरले. गंमत म्हणजे सिनेमात कंपनीच खलनायक आहे. चाच्यांची यादी मात्र तिचीच वापरली.

खरा चाचा हवा असेल तर हेन्री एव्हरी घ्या. १६९५ मध्ये त्याने यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' लुटलं. बायकांवर अत्याचार झाले. १७१२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर त्याच्यावर बेतलेला नायक मादागास्करचा राजा होऊन मिरवत होता. जहाजावरच्या त्या बायका कोणाला आठवणार?

जॅकने लुटलेला एक तरी व्यापारी तुम्हाला नावानिशी सांगता येईल? मला नाही येत, आणि मी पाचही भाग पाहिलेत.