तेल आपणच वाहावं का?

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू जानेवारीतल्या एखाद्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये होतं. यंदा बाहेर उणे बारा होतं. तिळगूळ हातात पडायच्या आधीच एका कोपऱ्यात घर तापवायच्या तेलाच्या भावाची चर्चा रंगली होती. तिथे एका स्नेह्यांनी छातीठोकपणे सांगितलं, ‘‘मी तेलाचा ट्रक बोलावणं बंद केलंय. पिकअपमध्ये टाकी बसवून घेतली. स्वतः जातो, स्वतः आणतो. गॅलनमागे चाळीस सेंट सुटतात. तुम्ही लोक उगाच पैसे घालवता.’’ ऐकणाऱ्या तिघाचौघांनी ती टाकी कुठे मिळते तेही विचारून घेतलं. त्यातले दोघं नुकतेच भाड्याच्या अपार्टमेंटमधून जुन्या घरात राहायला आलेले आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मॅसॅच्युसेट्सपासून वर मेनपर्यंत गावोगावी गॅसची नळी पोचलेली नाही. मेनमध्ये तर सुमारे निम्मी घरं अजून तेलावर तापतात. तळघरात 275 गॅलनची पोलादी टाकी, शेजारी बर्नर आणि बॉयलर. हे तेल म्हणजे आपल्या रॉकेलचं थोरलं भावंड. खरं तर डिझेलच ते, लाल रंग घातलेलं. रस्त्यावरच्या डिझेलचा कर या तेलावर नाही, हे ओळखू यावं म्हणून तो रंग. जुन्या, भिंतींतून वारा येणाऱ्या घराला एका हिवाळ्यात सहा-सातशे गॅलन सहज लागतात. 2022 साली युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर इथला भाव गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला होता. तेव्हा चाळीस सेंटांचा हिशेब करणाऱ्याला चिकट म्हणायचं मला कारण नाही.

स्नेह्यांची बाजू त्यांच्याइतक्याच जोरात मांडते. विक्रेत्याच्या भावात त्याचा ट्रक, चालकाचा पगार, कचेरीचं भाडं, सगळं येतं. शिवाय बहुतेक जण शंभर गॅलनच्या खाली तेल टाकायला येत नाहीत, आले तर वरून आकार लावतात. चार डॉलर भाव धरला तरी चारशे डॉलर एकरकमी मोजावे लागतात. आणि आपण तर रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा घेऊन उभं राहिलेली माणसं. डबा, हातपंप, नरसाळं यांचं आपल्याला काय नवल? एका माणसाच्या अंगात ताकद आहे, दारात पिकअप आहे, तर दुसऱ्याला हमालीचे पैसे का द्यायचे?

पहिला प्रश्न मी असा विचारते: ते स्वस्त तेल तुम्हाला देणार कोण? चेल्सी, प्रॉव्हिडन्स, पोर्टलंड इथल्या बंदरांत जहाजांतून तेल उतरतं, पण तिथला घाऊक भाव परवानाधारक विक्रेत्यांच्या टँकरसाठी असतो. तुमच्या-माझ्या पिकअपला तिथे फाटकातून आत घेत नाहीत. मग उरतो पेट्रोल पंप. तिथल्या डिझेलवर गॅलनमागे 24.4 सेंट केंद्राचा आणि मॅसॅच्युसेट्सात 24 सेंट राज्याचा रस्ताकर असतो. घर तापवायला वापरलेल्या डिझेलवरचा केंद्राचा कर परत मागता येतो, पण त्यासाठी पावत्या जपून वर्षअखेरच्या करपत्रकाबरोबर अर्ज भरावा लागतो. म्हणजे पंपावरून तेल आणणारा घरपोच आणवणाऱ्यापेक्षा महाग घेतो. चाळीस सेंट सुटतात ते ज्याला लाल डिझेलचा पंप किंवा आवारातून तेल भरून देणारा विक्रेता जवळपास सापडला, त्यालाच. आमच्या स्नेह्यांना तो सापडला आहे, घरापासून पस्तीस मैलांवर.

आता त्यांचाच आकडा घेऊन बघू. सातशे गॅलनांवर चाळीस सेंट म्हणजे 280 डॉलर. शंभर गॅलन तेलाचं वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास होतं, टाकीचं वेगळं. साध्या पिकअपला एका खेपेत याहून फार जास्त लादू नये. म्हणजे हिवाळ्यात सात खेपा, जाऊनयेऊन सत्तर मैलांच्या, त्यातल्या निम्म्या बर्फातून. पिकअपचं पेट्रोल, टाकी, पंप आणि नळी यांची किंमत वजा केली की पहिल्या दोन हिवाळ्यांत हाती काही उरत नाही. तिसऱ्यात उरेल ते सात शनिवारांचं मोल.

माझा मुख्य आक्षेप मात्र पैशाचा नाही. तो घराबाहेरच्या भिंतीशी, जिथे तेल आत जातं, तिथला आहे.

तिथे दोन नळ्या असतात. एक जाड, तेल आत सोडायची. दुसरी बारीक, टाकीतली हवा बाहेर पडायची. त्या हवेच्या वाटेवर, टाकीच्या तोंडाशी एक शिट्टी बसवलेली असते. ट्रकमधून तेल जोरात आत शिरतं, हवा बाहेर रेटली जाते आणि शिट्टी वाजत राहते. चालक नळी लावून दुसऱ्या नळीशी कान देऊन उभा राहतो. टाकी भरत आली की तेल शिट्टीच्या तोंडाला लागतं आणि आवाज थांबतो. त्याच क्षणी तो धार बंद करतो. शिट्टी पहिल्यापासून वाजलीच नाही, तर चांगला चालक एक थेंब पुढे सोडत नाही, कारण टाकी भरलेली असेल, नळी तुंबलेली असेल किंवा आत टाकीच काढून टाकलेली असेल. ट्रकच्या मीटरवर वजनमापं खात्याचं सील असतं आणि छापील पावती हातात पडते. पिकअपमधल्या छोट्या पंपाच्या मंद धारेत ती शिट्टी कान देऊनही ऐकू येईलच असं नाही. मग माणूस अंदाजाने भरतो. टाकीवरचा तरंगता काटा पाव-अर्धा-पाऊण एवढंच सांगतो आणि जुना झाला की तेही खोटं सांगतो.

अंदाज चुकला तर? तेल तळघराच्या फरशीवर येतं. फरशीला भेग असेल तर खालच्या मातीत जातं. आमच्या गावात निम्म्या घरांचं पिण्याचं पाणी अंगणातल्या विहिरीचं आहे. मॅसॅच्युसेट्सात दहा गॅलन किंवा त्याहून जास्त तेल सांडलं तर दोन तासांच्या आत पर्यावरण खात्याला कळवावं लागतं. माती उकरून न्यायचा खर्च बघता बघता हजारो डॉलरांत जातो, आणि बहुतेक घरविमे तेलगळती भरून देत नाहीत. ते कलम वेगळं विकत घ्यावं लागतं. ट्रकवाल्याच्या हातून सांडलं तर त्याचा विमा पुढे येतो. तुमच्या हातून सांडलं तर तुम्ही एकटे. त्या चाळीस सेंटांत तुम्ही हा शिट्टीशी लागलेला कान आणि ही जबाबदारी सोडून देता.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. बर्नरच्या नोझलचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. पिकअपमधल्या टाकीत साचलेलं पाणी, गंज, बर्फाबरोबर पडलेली माती तिथपर्यंत पोचली की बर्नर बसतो, आणि रात्री मिस्त्री बोलावला की दोन खेपांची बचत त्याच्या फेरीतच जाते.

तेल वाहण्यालाच माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. मीही वाहिलं आहे. या घरातल्या पहिल्याच फेब्रुवारीत काटा तळाशी गेल्याचं माझ्या लक्षात आलं नाही आणि रात्री अकराला बर्नर थांबला. मुलं दोन-दोन गोधड्यांखाली होती. मी पंपावरून पाच-पाच गॅलनच्या दोन पिवळ्या कॅन भरून आणल्या. एकेक कॅन सोळा किलोची. गुडघाभर बर्फात उभं राहून नरसाळ्यातून तेल ओतलं, टाकीतला गाळ खाली बसेपर्यंत वाट पाहिली. मग पाना लावून बर्नरच्या पंपाची बारीक तोटी सैल केली, खाली लोणच्याची रिकामी बरणी धरली आणि लाल बटण एकदाच दाबलं. आधी फेस आला, मग फुरफुर, मग सलग धार. तोटी आवळली. लाल बटण पुन्हापुन्हा दाबू नये, आत न जळलेलं तेल साचतं. बर्नर पेटल्याचा तो घुमणारा आवाज मी विसरणार नाही. दोन कॅन आणि पाना प्रत्येक घरात असावा, तोटी कुठे आहे ते घरातल्या दोन माणसांना ठाऊक असावं. वेळप्रसंगाला हे हवंच.

पण त्या रात्री पंपावर माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या हातात एकच कॅन होती आणि तिथल्या मुलाने त्यांना नावाने हाक मारली. ते रोज येत असावेत. शंभर गॅलनचे पैसे ज्याच्याजवळ एकदम नाहीत तो माणूस असा पाच-पाच गॅलनने हिवाळा काढतो आणि प्रत्येक गॅलनवर रस्त्याचा कर भरतो, गाडीत एक थेंबही न घालता. सगळ्यात गरीब माणसाला सगळ्यात महाग तेल पडतं. स्वतः तेल वाहण्याला बचत म्हणून मिरवताना या माणसाची सक्ती आपण हौस म्हणून दाखवतो, हे मला सहन होत नाही.

मग पैसे वाचवायचे कुठे? आधी माळ्यावर. छपराखाली इन्सुलेशन नसलेल्या घरात आणलेलं तेल आकाश तापवतं. मॅसॅच्युसेट्सात ‘मास सेव्ह’ची माणसं घर फुकट तपासून जातात आणि इन्सुलेशनच्या खर्चाचा मोठा वाटा उचलतात. आमच्या मंडळातल्या किती घरांनी त्यांना बोलावलं, हे मी हळदीकुंकवाला विचारलं तेव्हा दोनच हात वर झाले. पिकअपमध्ये टाकी बसवायला जेवढी धावपळ होते, तेवढ्यात माळा भरून होतो, आणि तो पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात तेल वाचवतो. माळ्याबरोबर तळघरही बघून घ्या: बर्नरकडे जाणारी तेलाची नळी फरशीत उघडी गाडलेली असेल तर तिला आवरण किंवा सुरक्षा-व्हॉल्व्ह हवा. या राज्यात 2011पासून ते सक्तीचं आहे, तरी जुन्या घरांत अजून राहून गेलेलं आढळतं.

भावाच्या बाबतीत चार ठिकाणी फोन करा. वर्षभराची देखभाल देणाऱ्या विक्रेत्याच्या आणि फक्त रोखीने तेल टाकून जाणाऱ्याच्या भावात पुष्कळदा त्या चाळीस सेंटांहून जास्त फरक असतो. उन्हाळ्यात भाव बांधून घेताना मात्र सांभाळून. 2008च्या जुलैत कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरवर गेलं. तेव्हा घाबरून हिवाळ्याचा भाव ज्यांनी बांधला, त्यांना डिसेंबरात तेच तेल चाळीस डॉलरच्या खाली उतरलेलं पाहत जुन्या भावाने पैसे भरावे लागले.

आणि सगळ्यात मोठी बचत एकत्र मागवण्यात आहे. ट्रकवाल्याला खर्च पडतो तो दर घराशी थांबण्याचा आणि घरांमधल्या मैलांचा. गेल्या ऑक्टोबरात आमच्या रस्त्यावरच्या तीन घरांनी एकाच सकाळी तेल घेतलं, तेव्हा विक्रेत्याने आपणहून भाव कमी केला, आणि तिसऱ्या घराला पन्नासच गॅलन द्यायलाही तो तयार झाला. एका माणसाला जी सवलत मिळत नव्हती ती तिघांना फोनवर दोन मिनिटांत मिळाली. मंडळाच्या दिवाळी वर्गणीची यादी आपण करतो, तशी तेलाची करावी असं मी आता सगळ्यांना सांगते आहे. गावनिहाय घरं, टाकीचं माप, लागणारे गॅलन, आणि ज्यांना पन्नासच हवेत त्यांच्यासाठी वेगळा रकाना. आतापर्यंत अकरा नावं आली आहेत. त्या स्नेह्यांना मी फोन केला होता. त्यांनी यादी पाठव म्हणून सांगितलं आहे, नाव घाल असं अजून म्हटलेलं नाही.