बोंबील कुठे खावा?

दिवाळीच्या अंकात बोंबलाची गोष्ट सांगणे शिष्टसंमत नाही, याची मला जाणीव आहे. हे दिवस चकलीचे, करंजीचे, अनारशाचे. परंतु वाचकहो, खरे सांगा, भाऊबीज उलटून गेली, लाडवांचा डबा समोर आला तरी हात पुढे होईनासा झाला, की मनात काय येते? निदान आम्हां कोकणातल्या माणसांच्या मनात तरी एकच पदार्थ येतो. तो तळलेला असतो आणि त्याच्या शेजारी सोलकढीची वाटी असते.

या सदराच्या वाचकांकडून जी पत्रे येतात, त्यांत एक प्रश्न वरचेवर असतो : ‘पाहुण्यांना घेऊन मुंबईस येत आहोत, चांगला मासा कुठे मिळेल?’ तीन वर्षांपूर्वी मी या प्रश्नाला ‘आमच्या घरी’ असे दोन शब्दांत उत्तर दिले असते. आज ते देता येत नाही. त्याचे कारण आधी सांगतो.

आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली. ‘अठरा महिन्यांत चावी हातात’ असे सांगण्यात आले होते. त्या अठरा महिन्यांना आता अडीच वर्षे होत आली. तोवर आम्ही दूर उपनगरात भाड्याच्या जागेत राहतो. जागा छान आहे. हवा आहे, उजेड आहे, नातीला खेळायला अंगण आहे. फक्त करारपत्रात एक ओळ आहे : घरात मासे-मटण शिजवायचे नाही. घरमालक अतिशय सज्जन. त्यांनी ही ओळ वाचून दाखवताना मान खाली घातली होती. आम्हीही मान खाली घालूनच सही केली, कारण पावसाळा तोंडावर होता आणि या भाड्यात दुसरी जागा मिळत नव्हती.

पहिले चार महिने निष्ठेने पाळले. पाचव्या महिन्यात एके दिवशी दुपारी आमच्या सौ.ने सगळ्या खिडक्या लावल्या, चार उदबत्त्या पेटवल्या आणि गॅसवर दोन सुके बोंबील भाजले. दोनच! दहाव्या मिनिटाला घंटा वाजली. दारात रखवालदार उभा. ‘‘काका, खालच्या मजल्यावरून फोन आलाय. तुमच्याकडे गॅस गळतोय काय?’’ मी म्हटले, ‘‘नाही, पूजा चाललीय.’’ त्या गरिबाने आत डोकावून नमस्कार केला. तो गेल्यावर आम्ही खूप हसलो. मग हसू ओसरले आणि सौ. म्हणाली, ‘‘अहो, आपलंच जेवण आपल्याच घरात चोरून खायचं, याला काय म्हणायचं?’’ ते बोंबील तसेच ताटलीत राहिले.

तेव्हापासून मासा बाहेर खायचा, असे ठरले. दर रविवारी आमची पाच माणसांची वरात निघते. या अडीच वर्षांत जे ज्ञान झाले, ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे, ‘मुंबईचा मासा’ असा एक प्रकार नाही. मालवणी चव हवी असेल तर दादरला जावे. सिंधुदुर्ग आणि चैतन्य ही नावे दादरकरांना सांगावी लागत नाहीत. तिथे तिसऱ्या सुक्या मागवाव्यात आणि वड्यांना नाही म्हणू नये. गोव्याकडची, नारळाच्या रसात रमलेली आमटी हवी असेल तर वांद्र्याला गांधीनगरात हायवे गोमंतक आहे. पार्लेकरांना त्यांच्या गजालीचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. फोर्टात उतरलात तर चव बदलते. तिथे मंगळूरची मंडळी. १९७७ साली सुरू झालेल्या महेश लंच होममध्ये गस्सी आणि नीर डोसा खाल्ल्यावर आमच्या सौ.ने प्रथमच कबूल केले, की कोकणाच्या खालीही समुद्र आहे. काळ्या घोड्याजवळच्या तृष्णात लोणी-लसणातला खेकडा खायला लांबून माणसे येतात. मात्र तिथे जाण्यापूर्वी महिन्याची कितवी तारीख आहे ते पाहावे.

दुसरी गोष्ट नावापेक्षाही महत्त्वाची आहे : कुठे खावा, याआधी केव्हा खावा ते ठरवावे. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीस बंदी असते. त्या दोन महिन्यांत समोर येणारा पापलेट बर्फातला किंवा परगावचा. त्यापेक्षा सुकट आणि सोडे खावेत. नारळी पौर्णिमेनंतर दर्या मोकळा होतो आणि दिवाळीपासून पुढे थंडीभर चंगळ. वारही पाहावा. सोमवार, गुरुवार, संकष्टी पाळणारे आपले लोक बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासळीवर तुटून पडतात. गर्दीच्या दिवशी माल शिळा राहायला वेळच मिळत नाही. म्हणून या वारी, आणि साडेबाराच्या आत, पाटावर बसलेले बरे.

तिसरी गोष्ट : छापील कार्ड बाजूला ठेवून ‘‘आज काय आलंय?’’ असे विचारावे. ‘‘सगळं आहे’’ असे उत्तर आले तर सावध व्हावे. समुद्र रोज सगळे देत नाही. ‘‘सुरमई नाही, पण मांदेली घ्या’’ असे सांगणारा माणूस भेटला की त्याच्या शब्दावर जेवावे. आणि परीक्षा घ्यायचीच असेल तर बोंबील मागवावा. सुरमई थोडी जुनी असली तरी मसाल्याआड लपते. बोंबील लपत नाही. तो अंगात पाणीच घेऊन येतो. ते वजनाखाली दाबून काढायचे, तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तळायचे. ताजा असेल तर वरून कुरकुरीत आणि आतून खव्यासारखा मऊ. शिळा असेल तर पहिल्याच घासाला ओळख पटते.

आणि एक विनंती. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केले. मान मिळाला, पण मासा कमी होत चालला आहे, आणि त्याचे एक कारण म्हणजे त्याची पिल्लेच जाळ्यात धरली जातात. तळहातात मावेल एवढे पापलेट स्वस्त म्हणून ताटात आले तर परत पाठवावे.

हे झाले ज्ञान. परंतु इतकी ताटे पाहून झाल्यावर मला आठवले ते माझे वडील.

ते वेंगुर्ल्याहून मुंबईस आले आणि गिरणीत लागले. गाळ्यात पंधरा-वीस माणसे, चूल कुणाचीच नाही. लालबागेत एक मावशी महिन्याच्या बोलीवर जेवण घालीत. स्वतःची एवढीशी खोली, तीत दोन पंगती. पगार लांबला तर मावशी वहीत लिहून ठेवीत, पण बांगडा चुकवीत नसत. अशा शेकडो बायकांनी गिरणगाव पोसले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. पुढे १९८२ चा संप झाला, जेवणारे गावी परतले आणि पुष्कळ चुली विझल्या. वडील म्हणत, ‘‘खाणावळ म्हणजे चैन नव्हे रे. ज्याला चूल नाही, त्याची ती चूल.’’ आमच्या लहानपणी घरी रोज मासे होत असल्याने या वाक्याचा अर्थ कळला नाही. खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमात हौसेने जेवायला जात असू, तेव्हाही कळला नाही. अनंताश्रम आता बंद झाले. अर्थ कळला तो भाड्याच्या घरात, साठी उलटल्यावर.

गेल्या मार्गशीर्षाच्या आधीची गोष्ट. दादरच्या एका लहानशा खाणावळीत आम्ही बसलो होतो. बांगड्याची आमटी आली. सौ.ने एक घास घेतला आणि नेहमीप्रमाणे निकाल दिला, ‘‘तिरफळं कमी पडलीत.’’ तो निकाल आतपर्यंत गेला असावा. पदराला हात पुशीत एक बाई बाहेर आल्या. मला वाटले, आता भांडण. पण बाई म्हणाल्या, ‘‘काकी, तिरफळं संपली होती, गावाहून यायचीत. तुम्ही कुठल्या?’’ मग गावे निघाली, मसाले निघाले, भाड्याच्या घराची कहाणी निघाली. बाईंनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, ‘‘बुधवारी चारला या. गर्दी ओसरलेली असते. एक दिवस तुम्हीच करा.’’

सौ. बुधवारी घरची तिरफळे पुडीत बांधून घेऊन गेली. मी आणि नात बाकावर बसून राहिलो. आतून वाटणाचा वास आला, मग फोडणीचा. अर्ध्या तासाने ताट आले. मी घास घेतला आणि थांबलो. आमटी खारट झाली होती. चाळीस वर्षांत असे झाले नव्हते. सौ. माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिने स्वतः चव घेतली आणि हळूच म्हणाली, ‘‘हात विसरला.’’

मला काही सुचेना. बाईंनी मात्र पातेले उचलले, नारळाचा रस वाढवला, आणखी एक आमसूल टाकले. ‘‘हात विसरत नाही काकी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘सवय मोडते. पुढच्या बुधवारी परत या.’’

सौ. पुढच्या बुधवारी गेली, त्याच्या पुढच्याही. आता नात तिरफळातली बी काढून देते आणि ‘‘आजी, मीठ बेताने’’ असे बजावते. दुपारच्या त्या आमटीचे पैसे बाई घेत नाहीत, म्हणून आम्ही रविवारचे पाच जणांचे जेवण तिथेच करतो.

परवा चाळीचे पत्र आले. नव्या घराच्या चाव्या पुढल्या दिवाळीपर्यंत मिळतील म्हणे. सौ.ने पत्र वाचले, घडी केली आणि म्हणाली, ‘‘पहिल्या दिवशी दूध उतू घालू. दुसऱ्या दिवशी बांगडे. आणि त्या बाईंना जेवायला बोलवायचं. रोज लोकांना वाढतात, त्यांना कोण वाढतं?’’

तेव्हा, वाचकहो, पुढल्या वर्षी ‘चांगला मासा कुठे मिळेल’ असे पत्र पाठवलेत, तर उत्तर बहुधा पुन्हा दोन शब्दांचे येईल. तोवर दादरला जा. आणि आमटीत तिरफळे कमी वाटली, तर जरा मोठ्याने बोला.