आ वासलेला पिकाचू

मोबाईलवर फिरणारे ते पिवळे, आ वासलेले चित्र आपल्या घरीही पोहोचले असेल. तो पिकाचू. जपानमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या 'पोकेमॉन' या कार्टून मालिकेतला. २०१८ साली त्याचा हा चकित चेहरा घेऊन गमतीच्या ओळी लिहिण्याची टूम जगभर पसरली.

रीत सोपी आहे. आधी माणूस काय करतो ते लिहायचे, मग त्याचे ठरलेले फळ, आणि शेवटी नुसता चेहरा. 'पगार आठ दिवसांत उडवला. वीस तारखेला खिसा रिकामा.' पुढे पिकाचू! 'रात्रभर मोबाईल पाहिला. सकाळची लोकल चुकली.' पुन्हा पिकाचू! परिणाम सगळ्यांना ठाऊक, करणारा तेवढा चकित, म्हणून हसू येते.

पिकाचू कागदावरचा, त्याला दुखत नाही. पण मुले वर्गातल्या मुलीचा, शेजारच्या आजीचा फोटो काढून त्यावर तशाच ओळी लिहू लागली, की थट्टेचा छळ होतो. वस्तीभर फिरलेला फोटो परत गोळा करता येत नाही.

म्हणून पालकहो, मुलांना रागावण्याऐवजी त्यांच्यासोबत बसा. आम्ही सुचवतो, या रविवारी घरातल्या प्रत्येकाने आपल्याच खोडीवर दोन ओळी लिहाव्यात. सुरुवात मोठ्यांनी करावी!