मंगळ, नाणं आणि ४० पत्रिका

लग्नाच्या वयाच्या मंडळींत (म्हणजे आमच्या अख्ख्या फ्लोअरवर) पत्रिकेचा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "आमच्या गुरुजींनी सांगितलेलं तंतोतंत खरं झालं." दुसरी म्हणते, "थोतांड आहे रे सगळं." मला दोन्हींचा सारखाच कंटाळा येतो, कारण आकडे कुणाकडेच नसतात. गंमत म्हणजे हा वाद आपल्या पुण्यात २००८ साली आकडे घेऊन बऱ्यापैकी नीट घालून झालाय.

डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातली कुठली कुणाची ते सांगा. ५१ जण तयार झाले, २७ जणांची उत्तरं आली. सरासरी यश ४६ टक्के. सगळ्यात भारी कामगिरी ४० पैकी २४. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, त्यांच्या १०२ बरोबर आल्या. २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये हे छापून आलं.

आता इथे "हॅ, हरले!" म्हणून टाळ्या पिटून मोकळं होता येईल. पण मला जास्त मजा वाटते ती चाचणीच्या बांधणीत.

समजा ज्योतिषी पत्रिका न बघता नुसतं नाणं उडवतोय. छापा हुशार, काटा दुसरा. याला म्हणतात नल हायपोथिसिस (पुस्तकी मराठीत शून्य परिकल्पना, इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीमध्ये घोकून परीक्षेनंतर विसरलेली). नाणेवाल्याच्या सरासरी २० बरोबर येतील. पण कधी १७ येतील, कधी २३ येतील. तेव्हा २० च्या वर गेला की जिंकला, असं चालत नाही. किती वर गेला की "हे नुसत्या नशिबाने होणं अवघड आहे" म्हणायचं? या चाचणीत ती रेघ होती २८. का? गणित करून बघा, एक्सेलमध्येही होतं. नाणं उडवून ४० पैकी २८ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १ टक्क्याच्या आत आहे. २४ किंवा जास्त येण्याची मात्र १३ टक्क्यांच्या वर.

म्हणजे २४ वाला "बेस्ट" ज्योतिषी? २७ माणसांना नाणी देऊन बसवलं, तर त्यातल्या एकाला तरी २४ किंवा जास्त मिळण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के निघते! खूप जणांना खेळायला बसवलं की कुणीतरी चमकतोच. मग त्याचीच पाटी लागते, त्याच्याच दारात रांग लागते. "आमच्या गुरुजींचं खरं झालं" याचं अर्धं उत्तर इथेच आहे. (शेअरच्या टिप्स देणारे काकाही याच खात्यात.)

उलट बाजूने, ४६ म्हणजे नाण्यापेक्षाही वाईट असं म्हणून हसण्यातही अर्थ नाही. त्याच २०० पत्रिका अनेकांकडे फिरल्या, नियमही साधारण तेच, त्यामुळे उत्तरं एकमेकांपासून सुटी नाहीत. आणि या चाचणीने अख्खं ज्योतिष खोटं ठरलं असंही नाही. पत्रिकेवरून बुद्धी कळते, या एका दाव्याला पुरावा मिळाला नाही, एवढंच. पण तेवढंही मला पुष्कळ वाटतं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आमच्या क्षेत्रातले लोकही सर्रास विसरतात. १००-१०० अशी समान विभागणी का? समजा १९० हुशार आणि १० इतर घेतले असते, तर डोळे मिटून सगळ्यांना "हुशार" म्हणणारा ९५ टक्के अचूक ठरला असता. "आमचं मॉडेल ९९ टक्के अ‍ॅक्युरेट आहे" अशी स्लाईड दिसली की मी आधी विचारतो, मुळात फ्रॉड किती होते? शंभरात एकच असेल, तर "कुणीच फ्रॉड नाही" असं छापणारी एका ओळीची प्रोग्रॅमही ९९ टक्के मिळवते.

आता मंगळाकडे वळू. हाही क्लासिफायरच: मंगळ आहे, मंगळ नाही. आपल्याकडचा प्रचलित नियम, लग्नकुंडलीत १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानी मंगळ. बारा घरांपैकी पाच. मंगळ साधारण सगळ्या घरांत सारखाच सापडतो असं धरलं तर जवळपास ४२ टक्के जनता मंगळाची! इतक्यांना लाल झेंडा दाखवणारं स्पॅम फिल्टर कुणी एक दिवस तरी वापरेल का? मग स्थळं मिळेनात म्हणून अपवाद येतात. स्वराशीचा मंगळ चालतो, गुरूची दृष्टी असली तर चालतो, "निर्दोष मंगळ" तर फारच सोयीचा. निकाल बघून नियम वाकवायला आमच्याकडे ओव्हरफिटिंग म्हणतात, तिकडे अभ्यास म्हणतात. असो.

पण खरी मेख वेगळीच आहे. क्लासिफायर तपासायला चार रकाने लागतात. हो म्हटलं आणि होतं, हो म्हटलं आणि नव्हतं, नाही म्हटलं आणि होतं, नाही म्हटलं आणि नव्हतं. मंगळ म्हणून नाकारलेल्या स्थळाचा संसार कसा झाला असता, याची नोंद कुठेच होत नाही, कारण तो संसारच होत नाही. पहिले दोन रकाने जवळजवळ रिकामेच राहतात. भटजी चुकले हे कळायची सोयच नाही.

माझ्या मामेबहिणीची तीन स्थळं अशी त्या रिकाम्या रकान्यांत गेली. तिसऱ्या वेळी मुलगा-मुलगी दोघांनाही पसंत होतं. नंतर मामाने "पत्रिका उपलब्ध नाही" असं सांगायला सुरुवात केली, आणि मग मंगळाचं नावही कुणी काढलं नाही.