सीआरपीचा आकडा वाचताना

तपासणीचा अहवाल हाती आला की आपली दृष्टी प्रथम ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. ‘एचएस-सीआरपी १४’ असे वाचून हृदयविकाराच्या धास्तीने आपण रात्र जागून काढली असेल, तर एवढे आठवून पाहा: रक्त दिले त्या सुमारास सर्दी-खोकला, लघवीची जळजळ, दुखरी दाढ किंवा सुजलेला गुडघा, यांपैकी काही होते का?

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन. शरीरात कोठेही दाह झाला की ते वाढते. तो कोठे आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही. हृदयविकाराच्या दृष्टीने लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी म्हणजे अल्प, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर अधिक जोखीम मानतात. १० च्या पुढचा आकडा बहुधा संसर्ग वा अन्य दाह सुचवतो. त्याचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावे आणि बरे झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. एककही पाहावे, डेसिलिटरमागे ०.३ म्हणजेच लिटरमागे ३.

केवळ ‘पॅकेज’मध्ये आहे म्हणून केलेली ही तपासणी पुष्कळदा चिंताच वाढवते, असे माझे मत आहे. उलट, आकडा कमी आला म्हणून रक्तदाबाची वा कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करू नये. आणि छातीत दुखत असेल, दरदरून घाम येत असेल, तर सीआरपीच्या अहवालाची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे. तेथे ईसीजी आणि ट्रोपोनिन पाहतात.