नाकाची शस्त्रक्रिया : रूपाआधी श्वासाचा हिशेब

अभनपूर (जि. रायपूर, छत्तीसगढ) : धमतरी मार्गावरील अभनपूर हे गाव रायपूरपासून रस्त्याने तासाभराच्या अंतरावर आहे. जुनी नॅरोगेज गाडी इतिहासजमा झाल्यानंतर ३० मार्च २०२५ रोजी मंदिर हसौदमार्गे ब्रॉडगेजवरील मेमू गाडी सुरू झाली आणि राजधानीतील रुग्णालयांकडे जाणारी वाट आणखी सोपी झाली. नाकाचा आकार बदलून देणाऱ्या खासगी केंद्रांच्या जाहिराती मात्र गाडीच्याही आधी प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचल्या आहेत. या जाहिरातींत नाक कसे दिसेल ते ठळकपणे दाखवले जाते. शस्त्रक्रियेनंतर त्यातून श्वास कसा चालेल, याचा उल्लेख क्वचितच असतो. निर्णय घेणाऱ्या कुटुंबाने विचाराची सुरुवात नेमकी तेथूनच करायला हवी.

नाकाच्या शस्त्रक्रियांचे ढोबळमानाने दोन प्रकार केले जातात. मधला पडदा वाकडा असल्यास तो सरळ करणे, आतील वाढलेला भाग कमी करणे, अपघातात मोडलेले हाड बसवणे हा कार्याशी संबंधित प्रकार. तर उंचवटा घासणे, शेंडा बारीक करणे, नाकपुड्या अरुंद करणे हा सौंदर्याशी संबंधित. कागदावर ही विभागणी स्पष्ट आहे, शरीरात ती तशी नाही. नाकाला आकार देणारी हाडे आणि कूर्चा यांच्यावरच श्वासमार्गाच्या भिंतीही उभ्या असतात. श्वासमार्गाचा सर्वांत अरुंद भाग नाकाच्या मध्याजवळ, पडदा आणि वरची कूर्चा यांच्यामध्ये असतो. नाक बारीक करताना तेथील आधार अधिक काढला गेल्यास श्वास घेताना भिंत आत ओढली जाते. परिणामी दिसायला रेखीव झालेल्या नाकाने रात्री झोपेत तोंड उघडे ठेवण्याची वेळ येऊ शकते.

ही जाणीव नवीन नाही. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेने नाक घडवण्याची कृती सांगताना श्वासासाठी नाकपुड्यांत दोन नळ्या ठेवण्याचा निर्देश आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात याचा थेट दाखला पुण्याचा आहे. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक आणि एक हात १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत असताना कापण्यात आला होता. सुमारे वर्षभरानंतर पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेने त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत चित्रासह छापली. दहाव्या दिवशी नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे ठेवल्याचा तपशील त्यात आहे. पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने लंडनमध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. गमावलेली अब्रू नाकाबरोबर परत मिळवण्याचा तो काळ होता. तरीही पुण्याच्या त्या कारागिराने श्वासाची वाट नजरेआड केली नव्हती.

आजच्या रुग्णासाठी पहिली पायरी म्हणूनच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून नाकाची आतून तपासणी ही आहे. नाक चोंदण्याचे प्रत्येक कारण शस्त्रक्रियेने दूर होत नाही. धुळीची किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर आधी औषधोपचार करावे लागतात. पडदा सरळ केल्यानंतरही ॲलर्जी तशीच राहते. गालाची त्वचा बोटाने बाहेरच्या बाजूला ओढल्यावर श्वास मोकळा होत असेल, तर अडथळा त्या अरुंद भागात असू शकतो आणि केवळ पडद्याची शस्त्रक्रिया तेथे अपुरी ठरू शकते. तपासणीतील हे निष्कर्ष लेखी घ्यावेत, कारण पुढील खर्चाचे गणित त्यांच्यावरच अवलंबून असते.

जन्मजात दोष, वाढीतील विकृती किंवा इजा यांमुळे बिघडलेली रचना अथवा कार्य पूर्ववत करण्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला ही सूट मिळत नाही. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमध्येही सौंदर्यशस्त्रक्रिया मोडते. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरलेले उपचार यांना त्यातून वगळले आहे. पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी अनेक पॉलिसींमध्ये प्रतीक्षाकाळ असतो. आयुष्मान भारत योजनेतही सौंदर्यासाठीचे उपचार समाविष्ट नाहीत. दोन्ही हेतूंची शस्त्रक्रिया एकाच वेळी होणार असेल, तर अंदाजपत्रकात दोन्ही भाग स्वतंत्रपणे दाखवण्याची मागणी करावी. विम्याच्या लोभाने सौंदर्याचा भाग ‘श्वासाचा त्रास’ म्हणून नोंदवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नाकारणेच हिताचे. दावा फेटाळला गेल्यावर संपूर्ण भार रुग्णावर येतो.

संमतीपत्राचेही तसेच आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट केले की, एका उपचारासाठी दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला आपोआप लागू होत नाही. जीव वाचवण्याची निकड हा त्याला अपवाद. उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम रुग्णाला सांगितले गेले पाहिजेत, असेही न्यायालयाने म्हटले. पडदा सरळ करण्यास होकार देणे म्हणजे उंचवटा घासण्यास होकार देणे नव्हे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. हा अधिकार फार थोडे रुग्ण वापरतात.

छत्तीसगढमध्ये आणखी एका तपासणीला विशेष महत्त्व आहे. सिकलसेल आजाराचे प्रमाण या राज्यात तसेच शेजारच्या विदर्भात लक्षणीय आहे. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्राने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली. शरीरातील प्राणवायू कमी होणे, पाणी कमी पडणे आणि थंडी यांमुळे या आजारात तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. भूल आणि त्यानंतर काही काळ नाकात ठेवले जाणारे बोळे यांमुळे ही जोखीम वाढते. घरात आजार ठाऊक असो वा नसो, भूलतज्ज्ञाला भेटण्यापूर्वी ही रक्तचाचणी करून घेणे शहाणपणाचे आहे. रक्त पातळ करणारी औषधे, ॲस्पिरिन, तंबाखू, गुडाखू आणि धूम्रपान यांची माहितीही लपवू नये. तंबाखूमुळे जखम भरण्यास विलंब होतो.

वय आणि वेळ हे यानंतरचे प्रश्न. चेहऱ्याची वाढ मुलींमध्ये साधारण १५-१६ व्या आणि मुलांमध्ये १७-१८ व्या वर्षापर्यंत पूर्ण होते. त्याआधी केवळ आकारासाठी शस्त्रक्रिया सहसा टाळली जाते. वरची पट्टी आठवडाभरात निघते, काळेनिळे डाग साधारण दोन आठवड्यांत मावळतात. परंतु शेंड्याची सूज पूर्ण उतरण्यास वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. भारतीयांमध्ये अनेकदा आढळणाऱ्या जाड त्वचेत हा काळ लांबतो आणि बारीक रेषाही कमी उठून दिसतात. लग्नसराईच्या दोन महिने आधी शस्त्रक्रिया उरकण्याचा बेत या वेळापत्रकात बसत नाही. दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया लागल्यास तीसुद्धा बहुधा वर्षभराने करतात. तिचा खर्च कोणाचा, हे पहिल्याच भेटीत ठरवावे.

लग्न जुळवताना नाकाडोळ्यांची चर्चा होते, हे वास्तव आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेची इच्छा मुलीची आहे की पाहुण्यांच्या शेऱ्याची, हा प्रश्न घरातच विचारला गेला पाहिजे. मोबाइलमधील छायाचित्रही दिशाभूल करते. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये गणिती प्रारूपाच्या आधारे दाखवले की, १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा पाया पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. नगण्य दोषाने दिवसभर मन व्यापले जात असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेणे उचित, कारण अशा रुग्णांचे समाधान उत्तम शस्त्रक्रियेनेही होत नाही.

शेवटचा मुद्दा अंतराचा. रायपूरमध्ये एम्स, डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालय आणि दाऊ कल्याण सिंह अतिविशेषोपचार रुग्णालय या शासकीय संस्था आहेत. खासगी केंद्राची निवड केल्यास शल्यचिकित्सकाची पदवी आणि नोंदणी राज्य वैद्यकीय परिषदेकडे पडताळावी. भूलतज्ज्ञ कोण आणि अतिदक्षतेची सोय कोठे, हेही विचारावे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत, कधी आठवड्या-दहा दिवसांनीही नाकातून रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा रुग्ण अभनपुरात असतो आणि शल्यचिकित्सक रायपुरात. अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, आधी सामुदायिक आरोग्य केंद्रात जायचे की थेट राजधानी गाठायची, याचे उत्तर शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी मिळायला हवे. जे केंद्र नव्या नाकाचे चित्र तत्परतेने दाखवते, परंतु या प्रश्नावर गप्प बसते, तेथे आगाऊ रक्कम भरण्याची घाई करू नये.